डाव कोणासाठी मांडायचा?

घरी दहा-बारा माणसे येणार असली की यजमानापुढे तीन प्रश्न उभे राहतात. काय रांधायचे, कोणाला कोठे निजवायचे, आणि जेवणे उरकल्यावर या सगळ्यांनी मिळून करायचे काय? पहिल्या दोन प्रश्नांवर घरात आठवडाभर खल चालतो. कोणाला वांगे चालत नाही, कोणाची कंबर धरते म्हणून त्याला जमिनीवर गादी नको, हे सारे आठवणीने ठरवले जाते. तिसऱ्या प्रश्नाच्या वाट्याला एवढा विचार येत नाही. कपाटाच्या वरच्या फळीवरचा जो डबा हाताला लागेल तो खाली उतरतो. अर्ध्या तासाने पाहावे तर चार जण खेळत असतात, तिघे मोबाइलमध्ये डोके घालून असतात, दोघी ओट्यापाशी असतात, आणि एखादे वडीलधारे माणूस 'तुम्ही खेळा, मी बघतो' असे म्हणून आपली खुर्ची मागे सरकवते.

हे शेवटचे वाक्य आम्हांस गेली काही वर्षे छळते आहे. प्रस्तुत लेखाचे निमित्तही तेच.

साहित्यचर्चेत रमणाऱ्या वाचकांना बैठ्या खेळांच्या निवडीचा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आम्हांस तो तसा वाटत नाही. 'कोणता खेळ चांगला?' असे सर्रास विचारले जाते आणि त्याची उत्तरेही सर्रास मिळतात. परंतु मुळात हा प्रश्नच अपुरा आहे. कादंबरी एकट्याने वाचता येते. ती वाईट निघाली तर मिटून ठेवता येते आणि त्यात दुसऱ्या कोणाचे काही जात नाही. बैठा खेळ हा नाटकाच्या संहितेच्या जातीचा. डब्यात असतात ते नियम, पट आणि सोंगट्या. प्रयोग उभा राहतो तो माणसांवर. संहिता गाजलेली आहे एवढ्याच कारणाने, हाताशी नट कोण आहेत हे न पाहता, ती बसवायला घेणाऱ्या दिग्दर्शकाची जी गत होते तीच यजमानाची होते. म्हणून खेळाचा डबा उघडण्यापूर्वी नटसंच पाहावा.

आमच्याकडे कोजागरीला बारा-तेरा माणसे जमतात. त्या रात्री जागरण करून अक्षक्रीडा करावी असा जुना संकेत आहे, तेव्हा आमच्या उद्योगाला शास्त्राचा आधारही आहे. सर्वांत धाकटी आमची पुतणी, वय वर्षे ७. सर्वांत वडील आमचे काका, वय वर्षे ८४. काकांच्या दोन्ही कानांना यंत्रे आहेत, पण चार माणसे एका वेळी बोलू लागली की त्या यंत्रांचा उपयोग उरत नाही. बहिणीचा १३ वर्षांचा मुलगा चेन्नईत वाढतो आहे. तो मराठी छान बोलतो, परंतु त्याला तमिळ आणि इंग्रजी वाचता येते, देवनागरी येत नाही. एका मेहुण्यांना हरणे मानवत नाही. आत्याला नियम ऐकून घेण्याचा कंटाळा आहे. आणि वहिनींना दर दहा मिनिटांनी उठून आटवायला ठेवलेल्या दुधाकडे पाहावे लागते. हा आमचा नटसंच. थोड्याफार फरकाने तो बहुतेक वाचकांच्या घरचाही असेल.

आता निकष. आमच्या मते खेळाकडे पाहताना पहिले पाहावे ते हे, की हा खेळ हरणाऱ्याचे काय करतो.

'व्यापार' हा खेळ माहीत नाही असे मराठी घर विरळा. मुंबई, दिल्ली, कोलकाता अशी शहरे विकत घ्यायची, त्यांवर घरे बांधायची आणि जो तिथे येईल त्याच्याकडून भाडे उकळायचे. त्याचे मूळ 'मोनोपॉली'त, आणि मोनोपॉलीचे मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईंच्या 'द लँडलॉर्ड्स गेम'मध्ये. बाईंना त्याचे पेटंट १९०४ साली मिळाले. जमीन मूठभरांच्या हाती गेली की बाकीच्यांचे काय हाल होतात हे लोकांना खेळातून उमगावे, हा त्यांचा हेतू होता. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने मोनोपॉली बाजारात आणला तेव्हा त्यातला उपदेश गळून पडला आणि हाल तेवढे शिल्लक राहिले. आपल्या बैठकीत जो पहिला दिवाळखोर होतो तो पुढचा तासभर भिंतीला टेकून बसतो, आणि बहुधा तो घरातला सर्वांत लहान किंवा सर्वांत भोळा माणूस असतो. खेळ आपले मूळ काम चोख बजावतो, एवढेच म्हणायचे.

याच्या शेजारी आपला झब्बू ठेवून पाहावा. झब्बूत ज्याची पाने संपतात तो सुटतो आणि ज्याच्या हाती शेवटी पाने उरतात तो हरतो. म्हणजे जिंकलेला उठून जातो आणि हरणारा अखेरपर्यंत मंडळींत बसलेला असतो. हरलेल्याला बाहेर काढण्यापेक्षा जिंकलेल्याला दूध ढवळायला पाठवणे आम्हांस अधिक न्याय्य वाटते. ही युक्ती कोणा एका बुद्धिमंताने योजलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या खेळून खेळून ती बसत आली आहे.

जर्मन खेळकर्त्यांनी हाच प्रश्न जाणीवपूर्वक हाती घेतला. क्लाउस टॉयबर यांचा 'कटान' १९९५ साली आला. तीन किंवा चार जणांनी एका बेटावर वस्त्या वसवायच्या असा तो खेळ आहे. त्यात कोणीही खेळाबाहेर जात नाही. त्याहून महत्त्वाचे असे, की फासे कोणीही टाकले तरी त्या आकड्याशेजारी ज्याची वस्ती असेल त्याला धान्य, लाकूड, विटा मिळतात. दोन फाशांची छत्तीस दाने. त्यांत सात सहा वेळा पडते, सहा आणि आठ प्रत्येकी पाच वेळा, दोन आणि बारा एकेकदाच. त्यामुळे दुसऱ्याच्या दानाकडेही आपले डोळे लागलेले असतात, आणि नंतर 'दोन विटा देतो, एक मेंढी दे' अशी घासाघीस सुरू होते. हा खेळ चौघांचा असल्यामुळे आमच्या बारा जणांच्या कामाचा नाही, परंतु त्याने शिकवलेली गोष्ट कामाची आहे. दुसऱ्याची पाळी चालू असतानाही आपल्याला काहीतरी काम असले पाहिजे.

येथे एक विषयांतर, पण ते आमच्या वाचकांच्या आवडीचे ठरावे. जर्मनीत खेळांची समीक्षा वृत्तपत्रांतून होते आणि १९७९ पासून समीक्षकांचे एक मंडळ दरवर्षी वर्षातील उत्तम खेळाला पारितोषिक देते. खेळाच्या डब्यावर कर्त्याचे नाव असते, लेखकाचे पुस्तकावर असावे तसे. हा हक्कही त्यांना सहजी मिळाला नाही. १९८८ साली न्यूरेंबर्गच्या खेळणी-मेळ्यात काही खेळकर्त्यांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या करून, नाव छापणार नाही त्या कंपनीला आम्ही खेळ देणार नाही, असे जाहीर केले होते. आपल्याकडे स्थिती याच्या नेमकी उलट. मेंढीकोट कोणी रचला? बदाम सत्ती कोणाची? ओव्यांना जसा कर्ता नाही तसा या खेळांनाही नाही, आणि कर्ता नाही म्हणून प्रमाण संहिताही नाही. मेंढीकोटात काही घरी हुकमाचे पान आधीच पालथे लपवून ठेवतात. काही घरी मागितलेला रंग हातात नसलेला पहिला भिडू जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम होतो. लग्न होऊन आलेली सून आपल्या माहेरचा पाठ घेऊन येते आणि पहिल्याच डावात वाद होतो. आम्ही या वादांकडे पाठभेदांच्या चर्चेसारखे पाहतो. 'आमच्याकडे असे नाही' या उद्गारात एका घराची हस्तलिखित प्रत उघडली जात असते. तेव्हा कोणाचा पाठ शुद्ध हे ठरवीत न बसता, खेळण्यापूर्वी 'आज कोणाच्या घरचे नियम?' एवढे विचारावे आणि पाळीपाळीने प्रत्येक घराला मान द्यावा.

दुसरा निकष जागांचा. कॅरम हा उत्तम खेळ. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या सोंगट्या आणि एक राणी यांत जे नाट्य आहे ते चार अंकी नाटकांतही कित्येकदा नसते. परंतु बोर्डाला बाजू चारच. मेंढीकोटालाही भिडू चारच. आणि या चार जागांचा इतिहास पाहिला तर तो फारसा गौरवाचा नाही. आमच्या लहानपणी सुट्टीत मेंढीकोटाचा अड्डा जमे. जेवणे झाली की चार पुरुष सतरंजीवर बसत ते थेट दिवेलागणीला उठत. दोन वेळा चहा येई, एकदा भजी येत. ती कोठून येत हा प्रश्न त्या चौघांना पडलेला आम्ही ऐकला नाही. आमची काकू फार चांगली खेळत असे, असे तिच्या माहेरची माणसे सांगत. सासरच्या सतरंजीवर तिला हात खेळताना आम्ही दोन-तीनदाच पाहिले, तेही चौथा भिडू आला नाही म्हणून. तिच्या हातचे एखादे धाडसी पान अजून आठवते, आणि मग उरलेल्या दुपारी ती कोठे होती हेही आठवते.

म्हणून आम्ही खेळ निवडताना विचारतो, की यातून एखाद्याला मध्येच उठता येते का, आणि परत येता येते का? बदाम सत्ती या परीक्षेत उत्तम उतरते. बदामाची सत्ती पडली की तिच्यावर अठ्ठी, तिच्याखाली छक्की, आणि दुसऱ्या रंगांच्या सत्त्या आल्या की त्यांच्याही रांगा लागतात. बारा जणांना पाने वाटली तर चौघांना पाच आणि आठ जणांना चार येतात. डाव दहा मिनिटांत संपतो. वहिनी उठल्या तर शेजारचा त्यांचे पान लावू शकतो, कारण लागेल ते लावायचे इतकेच काम असते. तरीही हातातली किलवरची सत्ती दाबून ठेवून दुसरेच पान टाकण्याचा गोड दुष्टपणा त्यात शिल्लक राहतो. मेहुण्यांना तो फार जमतो.

आता तिसरा निकष, आणि तो आम्हांस सर्वांत अवघड वाटतो. खेळात बुद्धीचा भाग किती असावा आणि नशिबाचा किती?

सुशिक्षितांना नशिबाचे खेळ कमी दर्जाचे वाटतात. सापशिडीत डोके लागत नाही म्हणून ती पोरांची. मात्र तिच्या पूर्वजाला, मोक्षपटाला, असे कोणी म्हटले नसते. परंपरा तो पट ज्ञानेश्वरांकडे नेते. त्यात शिड्या सद्‌गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. दान आपल्या हाती नाही, तरी कोठे चढलो आणि कशाने घसरलो हे घराघरांवर लिहिलेले असे. पुढे घरांवरची अक्षरे पुसली गेली आणि आकडे तेवढे राहिले. दुसऱ्या टोकाला आपल्याकडे गंजिफा होती. दशावतारी गंजिफेत १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. त्यातही निम्म्या रंगांत दश्शी बलवान तर निम्म्यांत एक्का. कोणती पाने पडून गेली हे ज्याच्या ध्यानात राहील त्याचा हा खेळ. सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर ही पाने आजही रंगवतात. लोक ती घरी शोभेला ठेवतात; खेळणारे फारच थोडे.

आमचे काका या गंजिफेच्या परंपरेतले. त्यांनी गंजिफा कधी खेळली नाही, परंतु मेंढीकोटात बावन्नही पाने त्यांच्या डोळ्यांपुढे असत. आठव्या हाताला ते भिडूकडे न पाहता सांगत की इस्पिकची राणी अजून डावीकडच्याकडे आहे, आणि ती असे. चार मेंढ्यांपैकी, म्हणजे दश्श्यांपैकी, तीन आल्या की ते चौथीची वाट कशी पाहत हे पाहण्यासारखे होते. गेल्या चार-पाच वर्षांत ते हळूहळू विसरू लागले आहेत. प्रथम पडलेली पाने विसरत, मग डावाचा हुकूम विसरू लागले. 'हुकूम काय?' असे त्यांनी एकदा विचारले तर काही नाही. एकाच डावात तिसऱ्यांदा विचारले तेव्हा भिडू झालेल्या आमच्या भावाने हळूच 'चौकट, काका' असे सांगितले, ते त्यांना ऐकू गेले नाही, म्हणून मोठ्याने सांगावे लागले. ते सगळ्या खोलीने ऐकले. पुढच्या डावाला काकांनी पाने उचलली नाहीत. 'तुम्ही खेळा, मी बघतो,' असे म्हणाले.

स्मरणशक्तीचा खेळ स्मरणशक्ती ओसरलेल्या माणसापुढे मांडणे म्हणजे चारचौघांत त्याची परीक्षा घेणे. त्यात तो जोडीचा असेल तर अधिकच वाईट, कारण त्याच्या प्रत्येक चुकीची किंमत दुसरा मोजत असतो आणि दोघांनाही ते ठाऊक असते. नशिबाचा खरा उपयोग येथे कळतो. फाशाने किंवा वाटल्या गेलेल्या पानांनी हरणारा माणूस 'दान पडले नाही' असे म्हणू शकतो. सात वर्षांची मुलगी मेहुण्यांना हरवू शकते आणि मेहुणे हसू शकतात. नशीब ही बैठकीतली अब्रू झाकणारी चादर आहे. ती अगदीच आखूड असू नये.

अर्थात केवळ नशीब पुरते असेही नाही. हाऊजीचे उदाहरण घ्यावे. तिकिटावर पंधरा आकडे, पुकारणारा एक ते नव्वद पुकारणार, ज्याची ओळ आधी भरेल त्याला बक्षीस. पन्नास माणसे खेळू शकतात, नियम अर्ध्या मिनिटात समजतात, कोणी बाहेर जात नाही. आमचे सगळे निकष या खेळाने पार केले, तरी आम्ही तो मांडत नाही. हाऊजीत सर्वांना जागा आहे, पण शेजारी कोण बसला आहे याने कोणाला काही फरक पडत नाही. बारा माणसे आपापल्या चिठोऱ्यात मान घालून बसणार असतील तर मोबाइलने काय वाईट केले होते? शिवाय आकडा ऐकू आला नाही की काकांचे तिकीट रिकामे राहते ते राहतेच.

मग उरतात ते शब्दांचे आणि चित्रांचे खेळ. व्लादा ख्वातिल यांचा 'कोडनेम्स' २०१५ साली आला. पंचवीस शब्द पाच ओळींत मांडायचे, दोन गट करायचे, आणि प्रत्येक गटाच्या नायकाने एक शब्द व एक आकडा एवढाच इशारा देऊन आपल्या गटाकडून आपले शब्द ओळखवून घ्यायचे. एक शब्द घातकी असतो. त्याच्यावर बोट ठेवले की डाव गेला. डब्यातले इंग्रजी शब्द बाजूला ठेवून आम्ही घरीच मराठी चिठ्ठ्या केल्या, आणि तेव्हा या भाषेच्या श्रीमंतीची नव्याने ओळख झाली. पान झाडाचे, वहीचे, विड्याचे, पत्त्यांचे आणि जेवणाचेही. पाट बसायचा आणि पाण्याचा. घाट डोंगरातला, नदीवरचा, आणि भांड्याचा सुबक असतो तोही. कळ दाबायची, सोसायची आणि लावायचीही. स्क्रॅबलसारखा एकेक अक्षर जुळवण्याचा खेळ आपल्या काना-मात्रांना आणि जोडाक्षरांना मानवत नाही. अख्खे शब्द समोर ठेवले की मात्र श्लेषाला माहेर मिळते.

वहिनींनी एकदा 'पंगत, दोन' असा इशारा दिला. त्यांच्या मनात पान आणि पाट होते. चेन्नईच्या भाच्याला चिठ्ठ्या वाचता येत नाहीत, म्हणून आत्या त्याच्या शेजारी बसून त्याला त्या वाचून दाखवत होती. यामुळे आत्याचा नियमांचा कंटाळाही परस्पर मिटला. भाच्याने पानावर तत्काळ बोट ठेवले. केळीच्या पानावर जेवणाऱ्या गावात तो राहतो, त्याला ते सांगावे लागले नाही. पाट मात्र त्याला लागला नाही, त्याने माळ निवडली. पाट म्हणजे काय हे त्याला दाखवायला आमच्या घरात पाट नव्हता. डाव तिथे गेला, पण तो शब्द आता त्याच्याजवळ आहे. इशारा तोंडी न देता पाटीवर ठळक अक्षरांत लिहायचा, अशी एक सुधारणा आम्ही केली आहे. त्याने काकांची सोय होते आणि खोलीतला गलकाही कमी होतो.

चित्रांच्या खेळांत 'दीक्सित' आम्हांस सर्वांत आवडतो. २००८ साली झां-लुई रुबिरा यांनी तो रचला. ८४ पाने, प्रत्येकावर एक स्वप्नातले वाटावे असे चित्र. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या हातातले एक चित्र निवडून त्याविषयी शब्द किंवा वाक्य उच्चारायचे आणि चित्र पालथे ठेवायचे. बाकीच्यांनी त्या शब्दाला शोभेल असे आपले एकेक चित्र द्यायचे. मग सर्व चित्रे मिसळून मांडायची आणि मूळ चित्र कोणते ते ओळखायचे. गंमत गुणांच्या नियमात आहे. सगळ्यांनी ओळखले तर सांगणाऱ्याला शून्य. कोणीच ओळखले नाही तरी शून्य. काहींनी ओळखले आणि काहींनी नाही, तरच त्याला गुण. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिताना सूचित अर्थाचा जो विचार मांडला, त्याचा हा घरगुती प्रयोग म्हणावा. अर्थ अगदी उघडा पडला तर काव्य नाही, आणि कोणालाच लागला नाही तरी नाही.

आमच्या बारा जणांसाठी आम्ही जोड्या करतो. काका आणि सात वर्षांची पुतणी ही एक जोडी. ती बोटाने चित्र दाखवते, ते शब्द सांगतात. गेल्या कोजागरीस त्यांच्या चित्रात पाणी होते आणि पाण्यावर तरंगणारे काहीबाही. काकांनी ते पालथे ठेवले आणि म्हणाले, 'पानशेत.'

साठीच्या पुढच्या मंडळींत एकदम शांतता पसरली. त्यांनी काकांचे चित्र ओळखले हे सांगायला नको. भाच्याने आपल्या हातातले हिरव्या झाडोऱ्याचे चित्र दिले होते. पानांचे शेत, असा त्याने त्या शब्दाचा विग्रह केला होता, आणि तो वाईट नव्हता. लहानांनी त्याला मते दिली. निम्म्यांना कळले, निम्म्यांना नाही; काकांना आणि पुतणीला पूर्ण तीन गुण मिळाले. मग भाच्याने पाटीवर इंग्रजीत लिहून विचारले, पानशेत म्हणजे काय? त्यावर खेळ पाऊण तास थांबला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पाणी शिरले, तेव्हा काका विशीत होते आणि नारायण पेठेत राहत होते. त्यांनी सगळे क्रमाने सांगितले. कोणाला खांद्यावर घेऊन जिना चढलो, पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ कोठवर होती, कोणाच्या घरची पत्र्याची ट्रंक कोठे सापडली. डावाचा हुकूम ज्यांच्या ध्यानात राहत नाही त्यांना ही रेघ वीतभरही चुकली नाही. त्या पाऊण तासात त्यांना ऐकू येते की नाही हा प्रश्न उद्भवला नाही, कारण बोलत होते ते आणि ऐकत होतो आम्ही.

सर्वांनी मिळून एका बाजूने खेळायचे, शत्रू फक्त पट, अशाही खेळांची शिफारस अलीकडे होते. मॅट लीकॉक यांचा 'पँडेमिक' (२००८) त्यांत नावाजलेला. त्यात जगभर पसरणाऱ्या चार रोगांवर सगळ्यांनी मिळून मात करायची असते. २०२० नंतर त्या पटाकडे पूर्वीच्या निर्विकार मनाने पाहता येत नाही, हे एक. दुसरे असे, की हरणे-जिंकणे सामाईक झाल्याने भांडणे मिटतात हा समज एकत्र कुटुंबाचा अनुभव नसलेल्यांचा असावा. घरातला जो कर्ता असतो तो येथेही कर्ताच होतो आणि इतरांच्या सोंगट्या कोठे न्याव्यात हे त्यांना सांगू लागतो. तो बरोबरच सांगत असतो, त्यामुळे त्याला थांबवताही येत नाही. असा खेळ घ्यायचा तर ज्यात बोलण्यालाच बंधन आहे असा घ्यावा.

इतके सांगून झाल्यावर एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. 'तुम्ही खेळा, मी बघतो' हे वाक्य दर वेळी दुःखाचे नसते. काही माणसांना खरोखरच पाहणे आवडते. कॅरमच्या बोर्डाभोवती उभे राहून 'कटवर घे, कटवर' असे सांगणाऱ्यांना स्ट्रायकर हातात दिला तर ते पळून जातील. अशांना ओढून बसवणे हीही जबरदस्तीच. मग फरक कसा ओळखावा? आमचा साधा ठोकताळा असा, की पाहणारा खुर्ची पटाजवळ ओढून पाहतो आहे की मागे सरकवून, ते बघावे. जवळ ओढणाऱ्याला गुण लिहायला वही द्यावी. तो खेळातच आहे. मागे सरकवणाऱ्यासाठी खेळ बदलावा, आणि तो त्याच्यासाठी बदलला आहे हे त्याला कळू देऊ नये.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतो. नियम दहा मिनिटांत सांगून होत नसतील तर तो खेळ त्या रात्री काढू नये. नियम वाचून दाखवू नयेत. एक खोटा डाव उघड्या पानांनी खेळून दाखवावा. अर्ध्या तासात संपतील असे दोन खेळ दोन तासांच्या एका खेळापेक्षा बरे, कारण उशिरा येणाऱ्याला दुसऱ्यात जागा मिळते. दूध कोण आटवणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि त्या चिठ्ठ्यांत पुरुषांचीही नावे असावीत. आणि मेंढीकोटाची ज्यांना तहान आहे त्यांनी मध्यरात्रीनंतर, मुले झोपल्यावर, खुशाल गच्चीवर अड्डा जमवावा. आमचा त्या खेळावर राग नाही.

येत्या कोजागरीचा बेत ठरला आहे. आरंभी सगळ्यांनी बदाम सत्ती, मग जोड्यांनी दीक्सित, दुधानंतर मराठी चिठ्ठ्यांचा कोडनेम्स. पंचवीस नव्या चिठ्ठ्या लिहून तयार आहेत. त्यांत 'पूर' हा शब्द भाच्याच्या आग्रहावरून घातला आहे. बदाम सत्तीची पाने पिसण्याचे काम काकांकडे. ते अजूनही फार सुरेख पिसतात.